मायनं न ओळखलेला फोटो

कारंज्यात तहसील कार्यालयासमोर माझं छोटंसं सेतू केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारातली दुरुस्ती, पीकविम्याचा अर्ज, सगळं मी करून देते. लोकांवर ओरडणं हाही त्या कामाचाच भाग आहे, असं मी मानते. कागद हरवला म्हणून कोणी आलं की आधी चांगली पाच मिनिटं झापते, "झेरॉक्स काढून ठेवायला काय झालं होतं?" आणि मग मुकाट्यानं काम करून देते. माझ्या घरी एक निळी फाईल आहे. तिच्यात सासरच्या आणि माहेरच्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक कागदाची प्रत आहे. फक्त धाकट्या भावाच्या पासपोर्टची नव्हती.

त्यानं तो पासपोर्ट केला तेव्हा आमचा अबोला होता. तो नागपूरला भाड्याच्या खोलीत राहून वेल्डिंगची कामं करायचा आणि एका एजंटाच्या नादानं आखाती देशात जायचं म्हणत होता. मी नको म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. मग मी म्हटलं, "जा, पण माझ्याकडं कागदपत्र मागायला येऊ नको." तो शब्दाचा पक्का निघाला. सगळे कागद त्यानं नागपूरलाच केले आणि विमानात बसल्यावर मला फोन केला. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून रडले होते. हे त्याला अजून ठाऊक नाही.

तिकडं गेल्यावर ठेकेदारानं सगळ्या कामगारांचे पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवून घेतले. दोनेक वर्षं काम चाललं. एका सकाळी ही मंडळी कामावर गेली, तर ठेकेदाराच्या ऑफिसला कुलूप होतं. ठेकेदार गेला, कपाट गेलं आणि माझा भाऊ परक्या देशात बिनकागदाचा माणूस झाला. मग इथं चार दिवस, तिथं आठ दिवस, लपतछपत काम. आठ महिने गेल्यावर त्या सरकारनं जाहीर केलं की बिनकागदाच्या लोकांनी महिनाअखेरपर्यंत आपापल्या देशी निघून जावं, शिक्षा होणार नाही. मुदत टळली, की तुरुंग.

निघायचं तर हातात काहीतरी कागद हवा. तो आपल्या देशाचा तिथला वाणिज्य दूतावास देतो. पांढरं, पातळ प्रमाणपत्र, एकदाच घरी परतण्यापुरतं. तिथले कामगार त्याला आऊटपास म्हणतात. मात्र ते देण्याआधी दूतावास इकडं विचारणा करतो, की हा माणूस खरंच तुमचा आहे का? ती विचारणा दिल्लीहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून ठाण्याला आणि ठाण्यातून गावातल्या घरी येते.

भावानं हे सगळं मला फोनवर सांगितलं होतं. "ताई, पोलीस येतीन घरी. फोटो दाखवतीन. मायले सांगून ठेव."

मी सांगितलं नाही.

मायला त्याचा पासपोर्ट गेल्याचंच ठाऊक नव्हतं. दर रविवारी तो तिला हसून फोन करायचा, जेवलो म्हणायचा, आणि ती खूश असायची. मला वाटलं, कशाला म्हातारीच्या जिवाला घोर लावायचा? पोलीस येईल, फोटो दाखवेल, ती म्हणेल माझाच मुलगा, विषय संपेल. दिवसभर लोकांना अक्कल शिकवणाऱ्या बाईनं इतकाच विचार केला.

आमचं गाव धनजच्या अलीकडं फाट्यावरून आत आहे. आमच्या वस्तीची एक सवय आहे. खाकी कपड्यातल्या माणसानं कोणाबद्दल विचारलं की वस्ती आधी नाही म्हणते आणि विचार मागून करते. मी लहान असताना गायरान जमिनीच्या तंट्यात पोलीस यादी घेऊन आले होते. एका भोळ्या म्हातारीनं बोटानं घरं दाखवली, कोणाचं कुठलं ते. त्या घरांतली माणसं मग कित्येक वर्षं कोर्टाच्या तारखांना जात राहिली. तेव्हापासून आमच्याकडं लेकरंसुद्धा पोलिसाला शेजारच्याचं घर दाखवत नाहीत.

तर हवालदार मोटरसायकलवर आले आणि चहाच्या टपरीपाशी थांबले. फोटो दाखवला, कशासाठी ते सांगितलं नाही. टपरीवाल्यानं भावाला लहानपणापासून फुकटची खारी खाऊ घातलेली. तो म्हणाला, "नाही बा, आपल्या गावचा नाही वाटत." बाकावरच्या दोघांनी फोटो हातात घेऊन, उलटासुलटा करून, तेच सांगितलं. एकानं तर इंझोरीकडं विचारून पाहा, असा सल्लाही दिला. पोलीस पाटील नेमके त्या दिवशी बाजाराला गेलेले. हवालदार आमच्या घरापर्यंत पोचायच्या आत मायला फोन गेला होता, "मावशी, पोलीस येऊन राह्यला. पोट्ट्याचा फोटो हाय त्याच्यापाशी."

आमच्या समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्या शेजारी आमच्या बाबांची आणि खाली भावाचा दहावीच्या सत्काराचा फोटो. मायनं खुंटीवरची बाजाराची पिशवी काढली आणि भावाच्या फोटोच्या खिळ्याला अडकवली. सत्काराचा हार आणि भाऊ दोन्ही पिशवीमागं गेले. मग तिनं हवालदारांना बाज दिली, पाणी दिलं, चहासुद्धा केला.

"मावशी, हा मुलगा तुमचा का?"

"नाही बापा. पह्यल्यांदाच पाहून राह्यली."

"पत्ता तर हाच आहे. तुम्हाला मुलगा नाही?"

"मले एक पोरगीच हाय. कारंज्याले देली."

हवालदारांनी तिला नीट पाहून पुन्हा सांगायला लावलं. तिनं छातीला हात लावून पुन्हा सांगितलं. त्यांनी चहा संपवला, वहीत लिहून घेतलं आणि ते गेले.

मला हे आठवड्यानं कळलं, तेही परदेशातून. भावाचा फोन आला. आवाज अगदी लहान झालेला. "ताई, कॉन्सुलेटवाले म्हणते, तुमच्या गावातून नाही म्हणून आलं. असा माणूसच नाही म्हणते. काहून असं झालं?" मुदत संपायला नऊ दिवस राहिले होते.

मी शटर ओढलं, मिळाली ती काळीपिवळी पकडली आणि माहेर गाठलं. उंबऱ्यातूनच सुरू करणार होते. पण मायच आनंदानं पुढं आली. पोलिसाला कसं वाटेला लावलं, ते तिला मला सांगायचं होतं. पिशवीची युक्ती सांगताना ती हसत होती.

"माय, तो पोलीस त्याले पकडाले नव्हता आला," मी ओरडले. "त्याले घरी आणाले आला होता!"

मग मी सगळं सांगितलं. ठेकेदार, कपाट, आठ महिने, आऊटपास, नऊ दिवस. ती हळूहळू बाजेवर बसली.

"म्हंजे आठ महिने त्याच्यापाशी कागदच नाही?"

"नाही."

"अन् तुले माहीत होतं?"

"होतं."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

ती ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण ती नुसतं विचारत होती. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. मायनं पोलिसाला खोटं सांगितलं ते पोराला वाचवायला. मी तिच्यापासून लपवलं ते माझ्या शहाणपणापायी. तिनं उठून पिशवी काढली, पदरानं त्या फोटोची काच पुसली आणि म्हणाली, "चाल. कोठी जा लागते?"

ठाण्यात आम्ही दोघी जाणार होतो, गेलो अकरा जण. टपरीवाला, बाकावरचे दोघं, पोलीस पाटील, शेजारणी, सगळे. आदल्या आठवड्यात ज्यांनी फोटो ओळखला नव्हता, ते आता एकमेकांच्या वरचढ आवाजात सांगत होते. हा अमक्या शाळेत होता, हा विहारात बुद्धवंदना खणखणीत म्हणायचा, याला शेवग्याची भाजी आवडत नाही. हवालदारांनी डोकं धरलं.

"आजपर्यंत लोक साक्ष फिरवतात ते पाहिलं," ते म्हणाले. "आख्खं गाव फिरलेलं पहिल्यांदाच पाहतो. मी आता वर काय लिहू? तेव्हा तुम्ही खोटं बोलत होते का आता?"

"तवा," माय म्हणाली. "मी खोटी बोलली. मले काय कराचं ते करा, पण त्याले आणा."

हवालदार चिडले होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी दूतावासाचा फॉर्म काढला आणि ओळखीच्या खुणेचा रकाना आमच्यापासून झाकून मायला विचारलं, अंगावर कुठं काय खूण आहे? मायनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. खूण डाव्या भुवईवर आहे. मी चौथीत असताना त्यानं माझी पेन्सिल तोडली, म्हणून मी त्याला पाटी फेकून मारली होती. माझा राग असा सरकारदरबारी नोंदलेला आहे.

"डाव्या भिवईवर," माय म्हणाली. "या बयेनं पाटी हाणली होती. तीन टाके पडले."

हवालदारांनी रकान्यावरचा हात काढला आणि पहिल्यांदा हसले. मायचा नवा जबाब त्यांनी लिहून घेतला. माझ्या निळ्या फायलीतून मी त्याचा शाळेचा दाखला, जन्माची नोंद, रेशनकार्ड, सगळं त्यांच्यापुढं ठेवलं. मायला सही करायला वेळ लागतो, ती प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. एकेक अक्षर ती थांबून थांबून काढत होती आणि बाकीचे सगळे, हवालदारांसकट, तिच्या पेनाकडं पाहत होते. पुरवणी अहवाल त्याच दिवशी जिल्ह्याला गेला.

पुढचे दिवस मी कोणावरही ओरडले नाही. एका माणसानं आधार हरवल्याचं सांगितलं तर मी त्याला बसायला स्टूल दिलं. तो घाबरला. मुदतीला दोन दिवस उरले असताना भावाचा फोटो आला, छातीशी एक पांढरा कागद धरलेला. मी तो दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवत सुटले.

नागपूरला विमानतळावर तो कागदही काढून घेतात. त्याचं काम तेवढंच. तिथून भाऊ एसटीनं कारंज्याला उतरला तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी होती आणि खिशात काहीच नव्हतं. मी आणि माय स्टँडवर उभ्या होतो. तो फार वाळला होता. मायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, भुवईवर अंगठा टेकवला आणि रडली नाही. मी रडले. मग ती म्हणाली, "घरी मांगून जाऊ. आंदी ठाण्यात."

मायनं काय केलं होतं, ते आम्ही भावाला सांगितलंच नव्हतं. दूतावासात काहीतरी घोळ झाला, एवढंच तो समजत होता. ठाण्यात हवालदार डबा उघडून बसले होते. मायनं भावाला दंडाला धरून त्यांच्या टेबलासमोर उभं केलं.

"साहेब, तुमच्या वहीत ते पह्यलं लिहेल हाय ना, माझा पोरगा नाही म्हणून? ते खोडा."

"मावशी, ते खोडता येत नसते. नंतरचा अहवाल गेला ना, झालं काम."

"कामाचं नाही सांगून राह्यली मी. माझ्या तोंडून गेलं ते. तसंच राहीन का कायमचं?"

हवालदारांनी हात धुतले. एक कोरा कागद घेतला, ती सांगेल तसं त्यावर लिहिलं, आणि तिनं थांबत थांबत सही केली. शिक्का काही त्यांनी मारला नाही. तो कागद आता माझ्या निळ्या फायलीत आहे.

भाऊ इतका वेळ एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होता. त्याला समजलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"माय, तू नाही म्हटलं होतं? तुवा मले ओयखलं नाही?"

माय सहीचा पेन हवालदारांना परत देत होती. तिनं मान वर केली नाही.

"ओयखलं म्हणूनच तं नाही म्हटलं रे."