स्टेल्ला अक्कांची पेज

"डेंग्यू आहे. प्लेटलेट्स बावीस हजार. सोबत कोण आहे?" डॉक्टरांनी एका दमात विचारलं. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. फार कमी झाल्या तर आतल्या आत रक्तस्राव होतो. हे मला नंतर कळलं. तेव्हा सोबतीचाच प्रश्न मोठा होता.

मी बँकेतून निवृत्त, नुंगंबाक्कममध्ये एकटी राहते. मुलगी पुण्यात, आठवा महिना लागलेला, प्रवासाची मनाई. मला रिक्षात घालून आणलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या स्टेल्ला अक्कांनी. अटेंडर म्हणून सहीही त्यांनीच केली.

दोन दिवस पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, "नुसत्या सलाईनवर भागणार नाही. तोंडाने घ्या, नाहीतर घरी जायचं विसरा."

तिसऱ्या दिवशी अक्कांनी पेज आणली. मी डब्याकडे बघत राहिले. त्यांच्या घरी रोज मासळी; अकरा वर्षांत मी तिथे पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. जीव टांगणीला लागलेला, पण माझं सोवळं काही सुटेना!

"नवं पातेलं, मामी," त्या म्हणाल्या. "ख्रिसमसचा केकही तुमचा वेगळा करते. मुट्टै घालत नाही."

मुट्टै म्हणजे अंडं. त्याच्याच भीतीने मी दरवर्षीचा केक वॉचमनला देऊन टाकत आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "शेजाऱ्यावर प्रेम करा, असं तुमच्या चर्चमध्ये सांगतात ना?"

अक्का हसल्या. येशूची एक गोष्ट त्यांनी सांगितली. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला त्याचेच लोक ओलांडून गेले. ज्याच्या हातचं तो एरवी पाणी प्यायला नसता, अशा परक्याने त्याला उचललं. "फादर नेहमी त्या परक्याचं कौतुक करतात. मला जखमी माणसाचं वाटतं, मामी. त्याने नको म्हटलं नाही. तोही चांगला शेजारीच की!"

मी वाटी तोंडाला लावली. पेज पोटात राहिली.

पाचव्या दिवशी प्लेटलेट्स चढल्या, सातव्या दिवशी घरी सोडलं. एकट्या राहणाऱ्यांना एवढंच सांगते: ताप अंगावर काढू नका, आणि समोरच्या दाराशी ओळख धडधाकट असतानाच करून घ्या.

दुसऱ्या सकाळी मी अक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. माशांचं कुळंबू रटरटत होतं. त्या लगबगीने माझ्यासाठी वेगळा पेला शोधू लागल्या.

"राहू द्या, अक्का. तुमच्या रोजच्यातच द्या."

अकरा वर्षं वाया घालवली याचं फार वाईट वाटलं. पण कॉफी गरम होती, म्हणून आधी ती प्याले.