हिरव्या गाडीचा टॅक्स

जीपच्या दारावर बोट टेकवलं, तर बोटाला पांढरा रंग लागला. हातातल्या आरसी बुकात रंगापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: हिरवा.

मी मोटार वाहन निरीक्षक. ऑफिस नांदेडला, घर लातूरला. महिन्यातून एकदा तालुक्याच्या गावी आमचा कॅम्प असतो. लोकांनी नांदेडला खेटे घालण्याऐवजी आम्हीच टेबल-खुर्ची घेऊन तिकडे जातो. त्या दिवशी कॅम्प हदगावला होता आणि ही जीप रिन्यूअलला आली होती. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी पुन्हा करावी लागते, मग दर पाच वर्षांनी. हिला वीस वर्षं होत आली होती आणि नोंदणी उद्याच संपत होती.

रिन्यूअलच्या तोंडावर ओला रंग दिसला की माझं डोकं एकाच दिशेला जातं. चोरीची गाडी. मी बॉनेट उघडायला लावलं. आतसुद्धा पांढरा फवारा. गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो, त्याला चेसिस नंबर म्हणतात. गाडीची खरी ओळख तीच, नंबर प्लेट काय कुणीही बदलतं. तो नंबर रंगाखाली पार बुजला होता.

मालक समोर उभे होते. आनंदराव, वय पासष्टीच्या पुढे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. जिनिंग मिलमध्ये फिटर होते, आता घरची शेती बघत होते.

"रंग का बदलला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, हे कबूल करते.

"टॅक्सपायी, मॅडम."

"कसला टॅक्स?"

"हिरव्या गाडीचा. मागल्या खेपेला समदं एजंटानंच भरलं होतं. औंदा म्हणला, काका, तुमच्या गाडीला ग्रीन टॅक्स लागून राहिला. म्हणलं, रंगच बदलून टाकावा. पांढऱ्या गाडीला काय म्हणून लागंल?"

शेजारच्या टेबलावर आमचे क्लार्क फिसकन हसले. मलाही हसू येत होतं. पण तेवढ्यात जीपच्या मागच्या बाजूने आवाज आला, "म्या सांगून राहिले होते, आधी इचारा म्हणून."

मागची सीट काढून तिथे गादी टाकलेली होती. तिच्यावर आनंदरावांच्या पत्नी सुभद्राबाई पडून होत्या, घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून सोबत आणलेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला नांदेडला न्यावं लागायचं. येताना बसमध्ये बसून येण्याचं त्राण राहत नसे. दर वेळी भाड्याची गाडी परवडण्यातली नव्हती. मागे एकदा विम्याचा कागद घरी राहिला म्हणून पोलिसांनी रस्त्यात थांबवलं होतं आणि बाई तासभर उन्हात ताटकळल्या होत्या. तेव्हापासून कागदाशिवाय जीप बाहेर काढायची नाही, असं आनंदरावांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे मी आज रिजेक्ट केलं की पुढचा कॅम्प महिन्याने. नांदेडला जायचं तर ऑनलाइन तारीख, तीही तीन आठवड्यांनंतरची. आणि डायलिसिस परवा.

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, रिजेक्ट करा. रंग बदलायचा तर आधी अर्ज लागतो. कॅम्पमध्ये भानगड नको."

"सर, चेसिस नंबर जुळला तर?"

"जुळला तर रंगबदलाचा अर्ज आजच घ्या, दंड लावा, दोन्ही कामं एकदम करा. पण रिपोर्टवर सही तुमची."

रंग उतरवायला समोरच्या रंगाऱ्याच्या दुकानातून थिनरची बाटली आणवली. आनंदराव स्वतःच चिंधी घेऊन वाकले. त्यांचा हात घासत होता आणि तोंड माझ्याशी बोलत होतं. ग्रीन टॅक्स म्हणजे मग काय, हे त्यांना आता नीट कळायला हवं होतं. मी सांगितलं, जुनं इंजिन जास्त धूर सोडतं, हवा खराब करतं, म्हणून जुन्या गाडीला हा पर्यावरण कर. गाडीचं वय बघून लागतो.

हात थांबला. "आन् धूर बघून न्हाई?"

"नाही."

"मग वय बघून घेतला काय आन् रंग बघून घेतला काय, एकच की. माझी जीप नांदेडशिवाय कुठं जात न्हाई. धुराचा कागद बघा तिचा."

मी तो आधीच बघितला होता. धुराची तपासणी, म्हणजे पीयूसी. आकडा मर्यादेच्या बराच खाली होता. फिटरच्या हातातलं इंजिन, उगाच नाही. माझी स्वतःची डिझेल गाडी दर शनिवारी लातूर, दर सोमवारी नांदेड पळते. तिला हा कर नाही, कारण तिचं वय भरलेलं नाही. मी त्यांना हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं आज वाटतं.

दुसरी बाजू मात्र सांगितली. गाडी सेंटरवर न नेताच पीयूसी मिळवलेले लोक मी पकडलेले आहेत. धूर पाच मिनिटांपुरता बरा करता येतो. वय कागदावर असतं, तिथे कुणाची हातचलाखी चालत नाही. म्हणून सरकार वय धरतं.

"म्हंजे चोरांपायी आमाला," ते म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

नंबर हळूहळू वर आला. मी त्यावर कागद धरला, पेन्सिल आडवी घासली. आकडे उमटले. आरसीशी एकेक ताडून पाहिला, दोनदा. सगळे जुळले.

मला इतकं हलकं वाटलं की मी खालीच, धुळीत बसले. क्लार्कने रंगबदलाचा फॉर्म भरून आणला. आनंदरावांनी दंड भरला, ग्रीन टॅक्सही भरला, तक्रार न करता. मी सही केली.

"आता परत हिरवा देऊ का?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नको. कागदावर आता पांढरा झाला."

"ऱ्हाऊ द्या पांढरीच," सुभद्राबाई मागून म्हणाल्या. "ऊन कमी लागतंय."

तेव्हापासून कागद परत करण्याआधी मी समोरच्याला एक प्रश्न विचारते: तुम्हाला एजंटनं काय सांगितलं होतं? निम्मी भानगड तिथेच सुटते. पुढच्या कॅम्पला मी एक पुठ्ठा लिहून टेबलाला टांगला: 'ग्रीन टॅक्स गाडीच्या वयावर लागतो, रंगावर नाही.'

स्कूटरचं काम घेऊन आलेले एक गुरुजी तो वाचून मोठ्याने हसले. "असं कुणाला वाटतं का हो, मॅडम?"

त्यांच्या मागे उभा असलेला माणूस हसला नाही. गुरुजी जाईपर्यंत तो थांबला, मग टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, कालचा रंग थिनरनं निघंल का?"

बाटली मी बरोबरच आणली होती.