साहेबांसाठी सारवलेलं घर

सदर इसमाचे नाव अश्वजित निमगडे. वय बावन्न. राहणार मूल. व्यवसाय: ग्रामीण गरिबांच्या निवाऱ्यासंबंधी धोरणात्मक पाठपुरावा. कार्यक्षेत्र: चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे, पैकी एसटी जाते तेवढे. पद: निमंत्रक, घरकुल हक्क समिती. समितीचे इतर सदस्य बैठकीला येत नाहीत. त्यामुळे ठराव एकमताने होतात.

निमगडेभाऊंची कारकीर्द मोठी आहे. घरकुलाच्या मंजूर नकाशात धान ठेवायला जागाच नाही, हे त्यांनी मुंबईला जाऊन सांगितलं. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं. सिरोंच्याला त्यांनी मोर्चा नेला, तेव्हा त्यांचं भाषण तेलुगूत सांगणारा इतका रंगला की टाळ्या त्यालाच पडल्या.

पण भाऊंचं जन्माचं भांडण सारवणाशी. पाहणीला साहेब येतो तेव्हा पडकं घर पडकं दिसावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि आमच्याकडच्या बाया पाहुणा येणार म्हटलं की आधी भिंती लिंपायला घेतात.

गिरजाबाईंचं छप्पर गळायचं. त्यांच्या घरकुलाचा अर्ज दोनदा परत आला होता. या खेपेला नाव कापलं गेलं तर पुढची यादी कधी निघेल हे देवालाही सांगता आलं नसतं. म्हणून भाऊंनी बजावलं, “बाई, घराले हात लावू नोका.”

“नाई लावत गा भाऊ,” गिरजाबाई म्हणाल्या.

पाहणीच्या दिवशी भाऊ इंजिनिअर कुलदीपसाहेबांना घेऊन पोचले. भिंती ताज्या लिंपलेल्या, खाली चुन्याची पांढरी पट्टी. आत शेजारच्या पिंकीचा सोफा, कांताबाईंचा कूलर. अंगणात गुणवंतरावांचा ट्रॅक्टर, धुतलेला, हार घातलेला.

“हे काय बाई?”

“सायेब पयल्यांदा दारी येऊन राह्यले. उघडं आंगण दाखवू का?”

“पण ट्रॅक्टर काऊन?”

“गुणवंतरावानं सोताहून देल्ला. म्हणे, शोभा येते.”

साहेब सोफ्यावर बसले आणि म्हणाले, “ट्रॅक्टरवाल्याला घरकुल नाही. आणि हे घर माझ्या क्वार्टरपेक्षा बरं आहे.” त्यांनी फोटोसाठी काढलेला मोबाईल खिशात ठेवला.

“सायेब, पाच मिनिटं थांबा,” म्हणत भाऊ रस्त्यावर गेले आणि ओरडले, “ज्याचं त्यानं घेऊन जा.”

पिंकीने साहेबांना उठवून सोफा नेला. कांताबाई कूलर उचलताना पुटपुटल्या, “देल्ला तवा कोणी चांगलं म्हटलं नाई.” ट्रॅक्टर मात्र सुरू होईना. गुणवंतराव वर बसले, गावाने पुढून धक्का दिला. ट्रॅक्टर सावकाश मागे गेला आणि भिंतीला टेकला. भिंत, घाई न करता, खाली बसली. आतली बाज दिसली, मडकी दिसली आणि छपरातून आभाळ दिसलं.

“भित पयलेचीच ढिली होती,” गुणवंतराव वरूनच म्हणाले.

“मंग लिपायच्या आंधी सांगाचं ना गा,” गिरजाबाई म्हणाल्या. “तीन दिवस हात दुखून राह्यले माहे.”

साहेबांनी मोबाईल पुन्हा काढला आणि गिरजाबाईंना पडक्या भिंतीपुढे उभं केलं. त्यांनी आधी लुगड्याचा पदर नीट केला.

घरकुल मंजूर झालं. ‘सदर वास्तू मानवी वास्तव्यास सर्वथा अयोग्य असून लाभार्थ्यास पक्का निवारा तात्काळ अनुज्ञेय आहे’, असं आदेशात नमूद आहे. रेतीघाटाचा लिलाव झालेला नाही, म्हणून बांधकामाला रेती नाही, म्हणून गिरजाबाई तिथेच राहतात.