कॉल कुठून आहे ते आधी सांगा

आमच्या तालुक्याच्या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजात तेव्हा कॉल हातानं जोडावा लागे. परभणीहून कॉल आला की ज्या गावाला हवा तिथं घंटी द्यायची, तिकडून कोणी बोललं की दोन्ही बाजू जोडायच्या आणि आपण बाजूला व्हायचं. नामांतराच्या त्या वर्षांत एखादा बंद झाला की एसटी उभी राही आणि आमच्याकडे कॉलची रांग लागे. काम कठीण नव्हतं. मधल्या माणसानं काय पुढं सांगायचं आणि काय आपल्यापाशी ठेवायचं, एवढंच समजायला हवं होतं. घोटाळा तिथंच होई.

नव्या मुलींसाठी आमच्या सुपरवायझरांनी एक नमुना पुठ्ठ्यावर लिहून बोर्डाच्या वर टांगला होता. साहेब हैदराबादेत काम शिकलेले, निवृत्तीला आलेले. पानाचा डबा उघडला की आधी आमच्यापुढे धरायचे, आम्ही नको म्हटल्यावर स्वतः घ्यायचे. अक्षर असं की पाट्या रंगवणाऱ्यानं शिकायला यावं. त्या सुंदर अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं, ‘हॅलो, एक्स्चेंज. परभणीचा कॉल आहे, बोला.’ मूळ कॉल कुठलाही असो, आपल्याला ज्यानं दिला त्याचंच नाव घ्यायचं. कधीकाळी कोणीतरी मोठ्या कचेरीतून बोलतो अशी थाप मारून रांगेत पुढं घुसला होता आणि त्यावरून साहेबांना बोलणी खावी लागली होती. तेव्हापासून हा कायदा.

काय सांगायचं नाही, हे मात्र नमुन्यात नव्हतं. एका नव्या मुलीनं परभणीच्या ऑपरेटरचं बोलणं शब्दन् शब्द पुढं पोचवलं. ‘परभणीचा कॉल आहे, बोला. लाइन धरून ठेव, मी चहा पिऊन येते.’ पलीकडे एका गावचे पोलीस पाटील होते. ते बिचारे धरून बसले.

वालूरला एका अडत दुकानात फोन होता आणि शेजारपाजारचे निरोप त्याच्यावरच येत. ताडकळसला दिलेल्या वालूरच्या एका लेकीचा कॉल त्या आठवड्यात आमच्याकडे परभणीमार्गे येत होता. नमुन्याप्रमाणे आम्ही परभणीचा कॉल म्हणून सांगायचो आणि दुकानातून उत्तर यायचं, ‘मालक न्हाईत.’ आवाज मालकाचाच असायचा. परभणीचे व्यापारी दुपारी फोन करून कापसाच्या भावावरून त्यांचं डोकं खात, त्यामुळे परभणी म्हटलं की मालक गावाला. मग आम्ही उलट कळवायचो, पार्टी कॉल घेत नाही.

त्या दुपारी बोर्डावर मी होते. मालक पुन्हा नव्हते. मी तसं कळवलं, तर लाइनवर परभणीच्या ऑपरेटरऐवजी ती मुलगीच होती. रडली नाही. सरळ विचारलं,

‘ताई, ते घ्यायले न्हाईत का तुमी लावायले न्हाईत?’

काय काम आहे, असं मी विचारलं. खरं तर विचारायचं नसतं. तिचं पहिलं बाळंतपण, तेही माहेरी व्हायचं. सासरच्यांनी निघायचा दिवस ठरवून दिला की तिनं फोन करायचा आणि मग माहेरचा माणूस, म्हणजे मुराळी, न्यायला यायचा, असं ठरलेलं. मुराळी आल्याशिवाय सून घराबाहेर पडत नाही. चार दिवसांत आठवा लागणार होता आणि आठव्यात एसटीत बसू देणार नाही, असं सासूनं बजावलं होतं. ती पोस्टातून बोलत होती आणि सासू शेजारीच उभी होती. माहेरची माणसं फोन घेत नाहीत, म्हणजे त्यांना लेक जड झाली, असं ती तिला ऐकवत होती. तेही मला ऐकू येत होतं.

मी तिला थांब म्हटलं आणि साहेबांकडे वळले. हा कॉल ताडकळसचा म्हणून सांगते, असं मी म्हणाले.

‘तुमी ताडकळस बघितलं का बाई? परभणीनं सांगितलं म्हणून आपण म्हणायचं? उद्या कुणी दिल्ली सांगंल. ती जिम्मेदारी कुणाची?’

गिऱ्हाईक सांगेल ते नकोच, मी म्हणाले. परभणीच्या ऑपरेटरनं बोर्डावर ताडकळसच्या लाइनची दोरी स्वतःच्या हातानं लावली आहे, तिनं सांगितलेलं तरी धरू. साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. परभणीला स्वतः विचारून खात्री केली आणि मग मला हातानं खूण केली.

मी वालूरला घंटी दिली. ताडकळसचा कॉल परभणीमार्गे आहे, तुमच्या गल्लीतल्या लेकीचा, असं सांगितलं.

‘आत्ता,’ मालक म्हणाले. ‘मग तसं सांगावं की बाई. तुमी रोज परभणी परभणी म्हणायलात.’

मालकांनी बोलावणं धाडलं, तशी आई धापा टाकत दुकानात आली आणि आल्या आल्या लेकीलाच रागावली. सगळं घर रोज वाट बघायलंय, एक फोन करायला काय झालं होतं? मग म्हणाली, उद्या पहिल्या गाडीनं तुझा भाऊ मुराळी येतोय, सासूबाईंना सांग.

‘तूच सांग,’ लेक म्हणाली. ‘हितंच उभ्या हायत.’

तेवढ्या वेळात साहेबांनी पुठ्ठा खाली काढून उलटा केला होता आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं होतं. आधी मूळ गाव, मग कोणामार्गे. ऑपरेटरांचं आपसातलं बोलणं गिऱ्हाइकाला सांगू नये. ही शेवटची ओळ त्यांनी निळ्या शाईनं लिहिली आणि नव्या मुलीकडे बघितलं.

लाइनवर आता दोघी विहिणी होत्या. आधी प्रकृतीची विचारपूस, मग पावसाची, मग लेकीला डोहाळे कशाचे याची. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचा नियम होता. मी विचारलं, कॉल वाढवायचा का?

‘वाढवा,’ ताडकळसहून सासूबाई म्हणाल्या. ‘इहीणबाईशी बोलायलेय.’