आत्याची पंचतयी

माझी आत्या डायलिसिस विभागात सिस्टर होती. किडन्यांनी काम सोडलेली माणसं तिथे आठवड्यातून तीनदा यायची, हातात सुया टोचून घ्यायची आणि चार-चार तास आरामखुर्चीला खिळून बसायची. रक्त एका नळीतून मशीनमध्ये जायचं, साफ होऊन दुसऱ्या नळीतून परत यायचं. खोलीला एकच खिडकी, तीही पार्किंगच्या बाजूला. भिंतीवरचा टीव्ही कधीचा बंद पडलेला. चार तास करायचं काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवलेला होता. कुणी घोरायचं, कुणी छताचे पंखे न्याहाळायचं. सुतारकाका भांडायचे.

सुतारकाका म्हणजे फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर उभ्याने काम केलेला माणूस. बसवलं की त्यांच्या अंगाची लाही व्हायची. तासाभरातच सुरू, “सिस्टर, सोडा मला. झालं तेवढं रक्त पुरे.” कधी मध्येच उठून जायचे, कधी यायचेच नाहीत. मग दोन दिवसांनी पाय सुजवून, धापा टाकत हजर.

आत्याने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. एके दिवशी बाहेरच्या बाकाजवळ कुणी ठेवून गेलेल्या जुन्या पुस्तकांतलं एक जाडजूड पुस्तक तिने उचललं आणि काकांच्या शेजारी स्टूल ओढून मोठ्याने वाचायला लागली. तिचा आवाज मुळातच खणखणीत. घरात ती माझ्या कानात काही सांगायला लागली तरी शेजारच्या काकू ‘हो का!’ म्हणायच्या. त्यामुळे काकांसाठी चालवलेलं वाचन सगळ्या खोलीने ऐकलं.

होडी चालवणाऱ्या दोन बहिणींची ती गोष्ट होती. पहिल्या पानावर छापलं होतं, ‘पंचतयी : भाग पहिला’.

“हे पंचतयी काय असतं? गोळी आहे का कुठली?” काकांनी विचारलं.

आत्यालाही माहीत नव्हतं. तिने राउंडवर आलेल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “एखादं जीवनसत्त्व असेल,” आणि घाईघाईने पुढच्या पेशंटकडे वळले. उत्तर दिलं ते कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या मास्तरीणबाईंनी. आयुष्यभर शाळेत भाषा शिकवलेल्या बाई, आजारपणातही केसांचा भांग चोख.

“तिघांची त्रयी असते ना, तशी पाचांची पंचतयी. संस्कृतातला शब्द आहे, हल्ली कोण वापरतंय!”

“मग सरळ पंचक म्हणा की,” काका म्हणाले.

“पंचक म्हणजे नुसते पाच. पंचतयी म्हणजे पाच अवयव मिळून झालेली एक वस्तू.”

“आणि एक अवयव नसला तर?”

“तर अपुरी.”

“म्हणजे आमच्यासारखी,” काका म्हणाले. “मशीन लावावं लागणार!” सगळी खोली हसली.

त्या दिवसापासून तो शब्द खोलीत रुळला. “आज पंचतयी आहे ना?” असं विचारतच माणसं आत यायची. घरच्यांना सांगायची, “चार तास पंचतयीत असतो, तेव्हा फोन करू नका.” डायलिसिस हा शब्द मागेच पडला. सुतारकाका वेळेच्या आधी येऊन बसायला लागले, कारण उशीर झाला तर दोन पानं चुकायची. एकच तक्रार होती. या पेशंटना दिवसाला मोजून कप-दीड कप पाणी प्यायची परवानगी, घसा सुकला तर बर्फाचा खडा चघळायचा. आणि कादंबरीत पानोपानी नदी! “सिस्टर, पुराचं प्रकरण जरा भरभर वाचा हो,” मास्तरीणबाई म्हणायच्या.

पुढचे भाग आत्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, वाचनालयांतून हुडकून आणले. ड्यूटी सांभाळून, मशीनचा बीप वाजला की पान दुमडून उठून, पुन्हा येऊन ती वाचायची. चौथ्याच्या शेवटी बहिणींचं कडाक्याचं भांडण होतं, थोरली पलीकडच्या काठावर निघून जाते. आणि संपलं. पाचवा भाग कुठेच मिळेना. शेवटी एक दुकानदार म्हणाला, “ताई, मिळेल कसा? लिहिलाच नाही त्यांनी.”

दुसरं कुणी असतं तर हळहळून दुसरं पुस्तक आणलं असतं. आत्याने लेखकाचा पत्ता काढला आणि सुट्टीच्या दिवशी बस पकडून त्याच्या गावी गेली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. दार उघडणारा माणूस म्हातारा, उंच, दोन दिवसांची दाढी वाढलेला. आत्याने आल्या आल्या विचारलं, “थोरली परत येते का?”

“कोण थोरली?” ते म्हणाले. मग कळल्यावर दारातच थबकले. “बाई, लोकांनी हे विचारणं कधीच सोडलं.”

आत घेऊन त्यांनी चहा दिला आणि खरं ते सांगितलं. पंचतयी हा शब्द त्यांना फार आवडला होता. आधी शब्द ठरला, मग कादंबरी. चार भाग हातून झाले, पाचवा पुनःपुन्हा लिहून फाडला. थोरलीला परत आणली की खोटं वाटायचं, नाही आणली की गोष्ट लंगडी. “तो शब्दच छापायला नको होता,” ते म्हणाले.

“छापलात ना? म्हणजे शब्द दिलात,” आत्या म्हणाली. “आता पाळा.”

“नाही जमत लिहायला.”

“मग लिहू नका. येऊन सांगा. चुकलं तर चुकलं. आमची माणसं चार तास कुठे पळून जात नाहीत.”

ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. आत्या हात हलवत परत आली. खोलीत तिने खरं काय ते सांगून टाकलं. सुतारकाका भिंतीकडे तोंड करून पडले.

काही आठवडे गेले, आणि एका सकाळी लेखक विभागाच्या दारात उभे राहिले. दाढी केलेली, चेहरा पांढराफटक. त्यांना रक्त बघवत नव्हतं. आत्याने त्यांची खुर्ची खिडकीकडे वळवून दिली, आणि पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत त्यांनी पाचवा भाग सांगायला सुरुवात केली. मग ते येतच राहिले. ऐकणारे मध्ये बोलायचे, हरकती घ्यायचे. थोरली परत यावी की नाही यावर दोन तट पडले.

“तिने का यावं?” एकदा मास्तरीणबाई तडकल्या. “होडी धाकटीकडे आहे ना? मग धाकटीने जावं!”

लेखकांनी ते शब्द स्वतःशीच पुटपुटून पाहिले, “धाकटीने जावं.” खिडकीकडे तोंड असल्यामुळे त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही.

अशातच सुतारकाकांना फुप्फुसाचा संसर्ग झाला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. डॉक्टरांनी आशा सोडल्यासारखी होती. आत्याने परवानगी मिळवली आणि लेखकांचा हात धरून त्यांना काकांच्या कॉटपाशी नेलं. “शेवट सांगा यांना. आजच.”

“अहो, मधलं अजून व्हायचंय!”

“मधलं राहू दे.”

लेखकांनी घसा खाकरला. काकांनी मास्क बाजूला केला आणि ते पुटपुटले, “शेवट नको. क्रमाने ऐकणार. येतो मी खुर्चीवर.”

आत्या बाहेर येऊन जिन्यात रडली. इतक्या वर्षांच्या नोकरीत पेशंटसमोर ती कधी रडली नव्हती, तेव्हाही रडली नाही, जिन्यापर्यंत थांबली.

आणि काका खरंच आले. निम्मे होऊन आले, मुलाच्या खांद्याला धरून, पण आले. दरम्यान आत्याने गोष्ट पुढे जाऊच दिली नव्हती. लेखक त्या दिवसांत येऊन नुसते गप्पा मारून जायचे. काका बसले, सुया लागल्या, आणि मग धाकटीने होडी पाण्यात लोटली.

पाचवा भाग पुढे छापून आला. लेखकांना तो आत्याला अर्पण करायचा होता. तिने साफ नाही सांगितलं. मागितलं एवढंच की अक्षर मोठं ठेवा, चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. त्यांनी ठेवलंही.

पुस्तक आलं त्या दिवशी तिने ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दुसऱ्याच पानावर सुतारकाकांनी हात वर केला. “हे असं नव्हतं. सांगताना धाकटी आधी दोर सोडते, मग वल्हं उचलते.”

“काका, छापलंय तसं वाचतेय.”

“छापणाऱ्याचं चुकलं असेल. आपलं खरं.”

आत्याने पेन घेतलं, समासात दुरुस्ती केली आणि पुढे वाचू लागली.