घरातली चप्पल

आमच्या घरात कोंबड्या येतात, पावसाळ्यात बकरीचं पिल्लूही येतं, पण चप्पल उंबरठ्याच्या आत येत नाही. दिघोरीत बहुतेक घरांत हेच चालतं. मातीची जमीन होती तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. मग घरकुल झालं, चकचकीत टाइल्स बसल्या, सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं दाखवू लागल्या, आणि माझी टाच दुखायला लागली.

सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत बाभळीचा काटा मोडल्यासारखं व्हायचं. भिंत धरून चुलीपर्यंत जायचे. भात शिजेपर्यंत दुखणं ओसरायचं. "चालत राय, मोकरं होते," सासूबाई म्हणायच्या. आणि खरंच मोकळं व्हायचं, हाच त्या दुखण्याचा हरामखोरपणा. संध्याकाळी ते पुन्हा हजर. सासूबाईंनी वीट तापवली, वर रुईची पानं ठेवली आणि माझी टाच शेकून दिली. मायेनंच केलं त्यांनी. रात्र बरी गेली, सकाळ तशीच उगवली.

शेवटी भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी माझा तळवा दाबून समजावलं. टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. रात्री तो आखडतो, सकाळी पहिल्या पावलाला ताणला जातो, रोज थोडा थोडा फाटतो. उठण्याआधी टॉवेलनं पायाची बोटं आपल्याकडे ओढायची, भिंतीला टेकून पोटऱ्या ताणायच्या, थंडगार बाटलीवर तळवा फिरवायचा. पट्टा भरून यायला महिने लागतील. "आणि अनवाणी चालायचं नाही. घरातसुद्धा नाही," त्या म्हणाल्या.

मी मऊ रबराची नवी चप्पल घेतली, बाहेर एकदाही न घातलेली. ती घालून आत आले तर सासूबाई चुलीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"पायातलं काढ. चूल हाय इथं."

"आई, कोरी हाय. डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

"डॉक्टरीण येते का तुह्या घरी रांधाले?"

नवरा टीव्हीकडे बघत म्हणाला, "ऐक ना बापा आईचं. भायेरच्या खोलीत घालत जाय." म्हणजे बाहेरच्या खोलीत चप्पल चालेल, सैपाकघरात नाही. आणि माझा सगळा दिवस जायचा सैपाकघरात. मला इतका संताप आला की भांडी आपटून धुतली. त्यानं टाच काही बरी झाली नाही.

रोवणा जवळ आला होता. आम्ही बायका टोळीनं बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रोवायला घेतो. चिखलात एका ओळीत वाकून धान रोवत सगळ्या मिळून मागं सरकतो. एक जण रेंगाळली की ओळ मोडते, आणि ओळ मोडणारीला पुढच्या बांधीला कोणी हाक मारत नाही. मला ती ओळ सोडायची नव्हती. घरात मी कोणाची तरी सून होते, बायको होते. ओळीत मी सगळ्यांत चपळ हाताची होते. म्हणून गावात सुया टोचणाऱ्या एका डॉक्टरकडून टाचेत इंजेक्शन घेतलं. दुखणं एकदम गायब. आराम करायचा असतो हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रोवणा निम्मा झाला असेल. भर दुपारी चिखलातून पाय उपसताना तळव्यात काहीतरी तट्‌दिशी तुटलं. पाय टेकवेना. बायकांनी मला उचलून धुऱ्यावर, बांधीच्या कोरड्या कडेला ठेवलं, पाणी पाजलं आणि पुन्हा ओळीत गेल्या. उपटलेल्या रोपांच्या पेंड्या सुकत होत्या, त्यांना थांबता येणार नव्हतं. मी धुऱ्यावरून बघितलं, माझी जागा दोन्हीकडच्या बायकांनी सरकून भरून काढली होती.

पट्टा तुटला होता. पायाला पट्ट्या बांधून कितीतरी दिवस खाटेवर काढले. तळव्याची कमान बसली ती बसलीच. आता लंगडते. चिखलात पाय रोवून उभं राहणं संपलं.

त्या खाटेवरच्या दिवसांत मी पहिल्यांदा सासूबाईंना उठताना नीट बघितलं. एरवी त्या उठायच्या आत मी चुलीपाशी असायचे. त्यांनी पाऊल टाकलं, थांबल्या, भिंतीला हात लावला आणि चवड्यांवर चालत निघाल्या. ती त्यांची चालच आहे असं मी समजत होते.

"आई, तुमची बी टाच?"

"तुहा नवरा जलमला नव्हता तवापासून."

"मंग सांगतलं काहून नाही?"

त्या गोंधळल्या. "सांगाचं काय त्यात? मले वाटे, समद्याच बायांची दुखते."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्याऐवजी खाटेखालची चप्पल मी त्यांच्या पायांकडे सरकवली. त्यांनी ती उचलली, पदरानं पुसली, उंबरठ्याबाहेर नेऊन नीट जोडीनं ठेवली, आणि भिंत धरत चुलीकडे गेल्या.