जमिनीवरचा घास

भालचंद्र उकिडव्यांनी नोएडात फ्लॅट घेतला तेव्हा सरोजिनीनगरातल्या सरकारी क्वार्टर्समधल्या शेजाऱ्यांनी विचारलं होतं, "तिकडे माणसं राहतात का?"

"अजून नाही," ते म्हणाले. "म्हणून तर परवडला."

ते केंद्र सरकारच्या पूरनियंत्रण खात्यातून निवृत्त झाले होते. ऑफिसातल्या मंडळींनी मिळून हाउसिंग सोसायटी काढली होती. उकिडव्यांच्या वाट्याला आलेल्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीतून शेतं दिसत. शेतांपलीकडे पुश्ता, म्हणजे यमुनेचा मातीचा बांध, आणि बांधापलीकडे नदीच्या गाळाची सपाट जमीन. तिला तिकडचे लोक खादर म्हणतात. आयुष्यभर बांधांच्या फायली वाचलेल्या माणसाला अखेर घराजवळ एक खरा बांध मिळाला होता.

कुत्रा मुलानं आणला. परीक्षित एका कॉम्प्युटर कंपनीत होता. शहाण्णव साली मित्राकडून तो तपकिरी पिल्लू घेऊन आला. लॅब्रॅडॉर आहे असं सांगितलं होतं, पण मोठं होताना पिल्लाचा एक कान उभा राहिला आणि तो विषय कोणी पुन्हा काढला नाही. नाव भालचंद्ररावांनी ठेवलं, खंडू. दोन वर्षांनी परीक्षित न्यू जर्सीला गेला. कुत्रा राहिला.

भालचंद्ररावांना कुत्र्यांची आवड नव्हती. पण बांधावर रोज जायचंच होतं, तेव्हा ते खंडूला नेऊ लागले आणि कुत्र्याच्या उंचीवरून बांध कसा दिसतो हे त्यांच्या लक्षात येऊ लागलं. नव्या इमारतींसाठी खणलेले खड्डे पावसाळ्यानंतर गवताखाली दिसेनासे होतात. नीलगायींसाठी बाजरीभोवती लावलेल्या तारेत खांबावरून चोरून घेतलेली वीज कधीकधी सकाळीही चालू राहते. दिल्लीहून गाड्या घेऊन येणारी पोरं बाटल्या बांधाच्या दगडांवर फोडून जातात. यातलं काहीही ते कोणाला बदलायला सांगत नसत. फक्त दोर कुठे आखूड धरायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. डिसेंबरच्या धुक्यात ते खंडूच्या गळ्यात बैलाचं घुंगरू बांधत. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी डांबरावर तळहात टेकून बघत. घरी आल्यावर जुना पेपर पसरून त्यावर खंडूला आडवा पाडत आणि बोटांच्या बेचक्यांतली कुसळं चिमट्यानं काढत.

सगळ्यात मोठं काम होतं विषाचं. खादरमधले शेतकरी उंदरांसाठी काळी पूड भातात कालवून ठेवत. "जमिनीवरचं उचलायचं नाही" एवढी एकच गोष्ट शिकवण्यात त्यांनी एक अख्खा हिवाळा घालवला. बिस्किट टाकायचं, खंडू झेपावला की त्यावर बूट ठेवायचा आणि म्हणायचं, "नाही." घास फक्त स्टीलच्या वाडग्यातला, नाहीतर हातातला. शेवटी बर्फीचा तुकडा पडला तरी खंडू तो ओलांडून जाऊ लागला.

त्यांच्या पत्नी अरुणाबाईंना याची गंमत वाटे. त्या पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवत असत. "मुंज झालेल्या बटूसारखं वाढवताय त्याला," त्या म्हणत. "हे सोवळं, ते ओवळं."

"परीक्षितची मुंज केलीच होती की. त्यानं काय ऐकलं? हा निदान ऐकतो."

दोन हजार सालच्या फेब्रुवारीत भालचंद्रराव बाथरूममध्ये कोसळले. परीक्षित आला, तेरावा करून परत गेला. खंडू दाराशी बसू लागला आणि अरुणाबाईंनी दोर खुंटीवरून काढला. तोवर त्या बांधावर कधी गेल्या नव्हत्या.

सोसायटीत मराठी घर तेवढं एकच उरलं होतं. बाकीच्यांनी भाव वाढताच फ्लॅट विकून टाकले होते. भाजीवाल्याशी, गार्डशी, शेजारच्या पंजाबी बाईंशी हिंदी. मराठी रविवारी, न्यू जर्सीहून फोन आला की. उरलेल्या आठवड्यात मराठी म्हणजे "चल", "थांब" आणि "नाही".

दुसऱ्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात अरुणाबाईंनी तिथीला स्वयंपाक केला. गुरुजी बोलावले नाहीत. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं एका माणसाला आठवडाभर पुरेल एवढं झालं. केळीचं पान आय.एन.ए. मार्केटातून आदल्या दिवशी आणलेलं होतं. कावळ्यासाठी वाढलेलं पान ठेवायला गच्चीवर जावं तर लोकांच्या अँटेना चोरीला जात म्हणून सेक्रेटरीनं गच्चीला कुलूप घातलेलं. बाल्कनीत ठेवलं तर कबुतरं येतात, आणि कबुतराचा स्पर्श धरत नाहीत. तेव्हा त्या पान पिशवीत घालून बांधावर गेल्या. खंडू बरोबर होताच.

बांधाच्या दगडांवर पान मांडून त्या बाजूला उभ्या राहिल्या. विजेच्या तारेवर दोन कावळे होते. ते खाली येईनात. कावळा शिवत नसेल तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली आहे असं समजतात आणि जवळची माणसं एकेक गोष्ट मोठ्यानं कबूल करून बघतात. अरुणाबाईंनी बघितलं. "परीक्षितचं चांगलं चाललंय." कावळे तारेवरच. "फ्लॅट विकणार नाही." तारेवरच. मग त्या म्हणाल्या, "खंडूला मी सांभाळीन."

ऊन वर आलं. कावळे उडून नदीकडे गेले. पानातल्या खिरीवर माश्या बसू लागल्या. श्राद्धात कुत्र्याचाही एक घास असतो, हे त्यांना आठवलं. आपल्या माणसाचं अन्न माश्यांना टाकून जाण्यापेक्षा ते बरं.

"खा," त्या खंडूला म्हणाल्या.

खंडू हलला नाही. पानाकडे बघून त्यानं त्यांच्याकडे बघितलं.

"खा रे. तुझ्याच माणसाचं आहे."

तरी तो बसूनच होता. तेव्हा त्यांनी पान त्याच्या पायांपर्यंत सरकवलं आणि त्याची मान हातानं खाली केली. एकदा चाटल्यावर त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही.

रविवारी परीक्षितनं विचारलं, "शिवला का गं कावळा?"

"हो."

"लगेच?"

"लगेच."

दसरा झाल्यावर हवा थंड झाली आणि त्या खादरमध्ये थोडं पुढपर्यंत जाऊ लागल्या. तिथे कौशल्या आणि तिचा नवरा शंकर यांचा मुळ्याचा आणि फुलकोबीचा तुकडा होता. कौशल्या खुरपं थांबवून गप्पा मारी आणि येताजाता मुळा हातात देई. त्या दिवशीही ती बोलत होती. खालच्या बाजूनं मोठा रस्ता जाणार आहे, जमिनीची मोजणी झाली आहे, असं काहीतरी. अरुणाबाईंच्या हातातला दोर सैल होता, कारण या तुकड्यात खंडूचा त्यांना कधी त्रास नव्हता. खंडू वाफ्याच्या कडेला गेला. तिथे अळवाच्या पानावर भाताचा लहानसा ढीग होता. त्यानं मागे वळून अरुणाबाईंकडे एकदा बघितलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या पुन्हा कौशल्याकडे वळल्या.

"अरे रोको!" कौशल्या ओरडली. "दवा है उसमें! चूहे की दवा!"

अरुणाबाईंनी दोर ओढला.

"बाँध के नहीं रखतीं?"

"ये नीचे का नहीं खाता," अरुणाबाई म्हणाल्या. त्यांचा त्यावर अजून विश्वास होता.

"नहीं खाता? तो ये क्या मेरा बाप खा रहा है?"

पान जवळजवळ रिकामं होतं. कौशल्यानं शंकरला हाक मारली. शंकरनं ट्रॅक्टर सुरू केला आणि त्या दोघांनी खंडूला ट्रॉलीत चढवलं. बांधावर पोचेपर्यंत खंडूला उलटी झाली, काळसर, लसणासारखा वास येणारी. "निकल जाने दो," शंकर पुढून ओरडत राहिला. मागे कौशल्या बडबडत होती, "मेरे खेत में मरेगा तो पाप मुझे लगेगा. पितरों का महीना अभी गया है." खंडूचं डोकं अरुणाबाईंच्या मांडीवर होतं आणि त्याचे पाय ताठ होऊन थरथरत होते.

मोठ्या रस्त्यावर ऑटोवाला कुत्र्याला घ्यायला तयार नव्हता. सीट खराब होईल, म्हणाला. अरुणाबाईंनी अंगावरची शाल काढून सीटवर पसरली.

सेक्टरच्या मार्केटात जनावरांचे एक डॉक्टर बसत. त्यांनी खंडूचं पोट सोड्याच्या पाण्यानं धुतलं आणि पायाला सलाइन लावलं. दूध किंवा तूप पाजलं का, असं त्यांनी विचारलं. लोक पाजतात आणि त्यानं विष आणखी भिनतं. अरुणाबाईंनी पाजलं नव्हतं, कारण त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

"ज़मीन से उठाके खाने की आदत है इसे?"

"नहीं," त्या म्हणाल्या. मग, "मैंने खिलाया था. एक बार."

डॉक्टर हात धूत होते. "कुत्ता 'एक बार' नहीं समझता, मैडम."

खंडू वाचला. पण बरेच दिवस तो जिन्याच्या पहिल्या वळणावरच बसून राही आणि अरुणाबाई त्याच्याशेजारी पायरीवर बसत. वरून-खालून जाणारे लोक बाजूनं जात.

परीक्षितला त्यांनी विषाचं सांगितलं, आधीचं सांगितलं नाही. तो म्हणाला, "आई, यार, देऊन टाक ना त्याला कोणाला तरी. तू इकडे ये. व्हिसाचं मी बघतो. एकटी तिथे काय करतेस?"

"कोणाला देऊ?"

"कोणालाही. गार्डला दे."

"गार्ड त्याला जमिनीवर टाकून वाढेल."

पलीकडे परीक्षित हसला. त्याला तो विनोद वाटला.

त्या हिवाळ्यात अरुणाबाईंनी शिकवणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. भालचंद्ररावांनी बिस्किट वापरलं होतं. अरुणाबाईंना पान वापरावं लागलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर पान, पानावर भात. पहिल्या दिवशी खंडूनं शेपूट हलवली आणि सरळ तोंड घातलं. पानावरचा भात हा त्याच्या लेखी आता हक्काचा होता. त्यांनी "नाही" म्हणत बोटं घालून भात त्याच्या तोंडातून बाहेर काढला. त्यानं दात लावले नाहीत, पण तो गोंधळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पान. भात, मग दूधभात, मग खीर. शिकवणी झाली की तोच भात स्टीलच्या वाडग्यात घालून त्यांच्या हातानं मिळे. काही दिवस तो वाडग्याकडेही शंकेनं बघत असे. त्या दिवसांत त्यांना स्वतःलाही जेवण जात नव्हतं.

उन्हाळा सुरू होईपर्यंत पान दिसलं की तो तोंड फिरवू लागला. मग हेच बांधावर. मग खादरमध्ये. कौशल्या कमरेवर हात ठेवून बघत राही.

"तुमसे डरता है, इसलिए नहीं खाता. लाओ, मैं डालूँ." तिनं स्वतःच्या डब्यातली रोटी, वर लोण्याचा गोळा होता, खंडूच्या पुढ्यात टाकली. खंडू रोटीला वळसा घालून गेला.

"हाय राम," कौशल्या म्हणाली. "ये तो मेरी सास से भी ज़्यादा परहेज़ी निकला."

औषध आता ती उंदरांच्या बिळात आत खोल ढकलत होती. "पर बाकी खेतों की गारंटी नहीं, बहनजी," असं तिनं सांगून ठेवलं होतं. पुढे तो प्रश्न तिच्यापुरता मिटला. पावसाळ्याच्या आधी त्यांच्या तुकड्याभोवती रस्त्याच्या कामाचा निळा पत्रा उभा राहिला, पैसे मिळाले आणि ती दोघं दादरीकडे जमीन बघायला गेली. ती परत भेटली नाही. बांधाखालून रस्त्याचं काम चालू झालं आणि डांबराची पिंपं गवतात येऊन पडली. अरुणाबाई त्या बाजूला दोर आखूड धरू लागल्या.

सप्टेंबरात तिथी आली. या वेळी स्वयंपाक कमी केला. पान त्याच दगडांवर मांडलं. तारेवर एकच कावळा होता. अरुणाबाईंनी काय सांगायचं ते सांगितलं. परीक्षितला मुलगी झाली होती. फ्लॅट विकला नव्हता. खंडूबद्दल त्या या वेळी काही बोलल्या नाहीत. तो शेजारी बसलेला होता, कावळ्याला दिसत होता.

कावळा बराच वेळ थांबून उडून गेला.

खिरीवर माश्या आल्या. अरुणाबाईंनी खंडूकडे बघितलं. मग, शिकवणीच्या शेवटी परीक्षा घ्यावी तशी, त्या म्हणाल्या, "खा."

खंडूनं तोंड नदीकडे फिरवलं.

"खा रे. त्यांचं आहे."

त्यानं कान मागे पाडले आणि तो दोराच्या टोकाला जाऊन पाठमोरा बसला. त्यांनी पान सरकवलं नाही. मानेला हात लावला नाही.

पान तिथे ठेवून जाता येत नव्हतं. बांधावर दुसरी कुत्री होती, ती कोणाची नसली तरी. त्यांनी पान चारी बाजूंनी दुमडलं, पिशवीत घातलं आणि घरी आणलं. खंडूचा घास त्याच्या वाडग्यात काढला. तो त्यानं लगेच खाल्ला. उरलेलं त्यांनी ओट्याशी उभ्यानंच संपवलं.

रविवारी फोन आला. मागे बाळ रडत होतं. "आई, शिवला का कावळा?"

"नाही."

"अरेच्चा. मग?"

"मग काय. पान उचललं आणि परत आणलं."

"बाबांचं काहीतरी राहिलं असेल."

"असेल," अरुणाबाई म्हणाल्या. "खंडूनंसुद्धा खाल्लं नाही."

"अगं, पण ते चांगलंच ना? तू एवढं वर्षभर शिकवलंस त्याला."

"हो," त्या म्हणाल्या. "तेच हवं होतं."

बाळ जास्तच रडू लागलं तेव्हा परीक्षितनं फोन ठेवला. खंडू दाराजवळ वाट बघत होता. त्या दिवशीच्या चालण्यात त्याच्या पुढच्या पायाला काहीतरी बोचलं होतं. अरुणाबाईंनी जुना पेपर पसरला, त्याला आडवा पाडला आणि त्या चिमटा शोधायला उठल्या.